घाम, कंप आणि दह्याचा चमचा

॥ श्री ॥
नंदनवन, नागपूर
१ जून २०२५

ती. ताईस,
मुकुंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं आणि चार दिवसांत पुन्हा शिट्ट्या मारू लागलं, हे वाचून मला आनंद झाला. दुसऱ्याच्या अडचणीत आनंद मानू नये असं मी कॉलेजात शिकवतो खरा, पण त्या यंत्राच्या कृपेनेच आपला पत्रव्यवहार टिकून आहे. फोनवर मी ओरडायचं, तू भलत्याच प्रश्नाला हो म्हणायचं आणि आमच्या घरातलं सगळं शेजारच्या पांढरीपांड्यांना कळायचं, त्यापेक्षा पोस्टाचं पाकीट बरं.

नवतप्याचे नऊ दिवस सरत आले तरी ऊन हटायला तयार नाही. खाप्याहून तुझ्या यजमानांनी, म्हणजे भैय्याजींनी, पाठवलेले आंबे पोचले. त्या आंब्यांविषयी पुढे लिहितो, कारण ते संशयित आहेत.

झालं असं. गेल्या रविवारी सौ. शामला जयवंतासोबत इतवारीच्या बाजारात गेली होती. जयवंता म्हणजे आमच्या गल्लीतली ती, जी दरवर्षी नागपंचमीच्या आधी बायकांचा जथा घेऊन पचमढीच्या डोंगरात नागद्वारला जाते. यंदा शामलाही जाणार आहे, त्यासाठी रेनकोट आणि रबरी बूट बघायचे होते. मी झोपाळ्यावर निवांत पेपर तपासत बसलो होतो. एका चिरंजीवांनी राजकवीला राजाचा कंत्राटी कर्मचारी ठरवलं होतं, त्यावर हसत होतो. आणि हसता हसता छातीत कोणी उखळ-मुसळ घेऊन बसावं तसं कांडण सुरू झालं. बोटांना मुंग्या, मानेवर घामाच्या धारा, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हातांवर काटा! अर्धा तास हा प्रयोग चालला. शामलाचं फाटक वाजलं तेव्हा आपोआप थांबला. त्यापूर्वी मी दोन आंबे खाल्ले होते. पुरावा स्पष्ट आहे.

तरी शिस्त म्हणून दुर्गेशकडे गेलो. हा माझाच जुना विद्यार्थी, संस्कृतात छत्तीस गुण मिळवून उत्तम डॉक्टर झालेला. त्याने हृदयाचा आलेख काढला, रक्त काढलं, थायरॉइड, साखर, सगळं पाहिलं, दुसऱ्या दिवशी फिरत्या पट्ट्यावर पळवलं सुद्धा. म्हणाला, सर, तुमचं हृदय पंचविशीतल्या मुलासारखं आहे. कोणत्या मुलाचं, ते विचारायचं राहिलं. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाला की ही चिंतेची लक्षणं आहेत. मला हसू आलं. अगं, डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव असतो, हे आमच्या तर्कशास्त्राचं पहिलं उदाहरण. विस्तवाशिवाय धूर कसा निघेल? मी प्रामाणिकपणे मनात सगळीकडे शोधून आलो. आमचा मुलगा अंकित तिकडे बंगळुरात मजेत आहे. माझी नोकरी पक्की. शामलाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं उलटली, मागच्या महिन्यातली तपासणी निर्मळ निघाली, ती माझ्यापेक्षा भराभर चालते. मला चिंता नाही. मग तिची लक्षणं काय भाड्याने राहायला आली?

तेव्हा आंबेच. शामलाला यातलं काही कळवू नकोस, ती उगाच मनाला लावून घेईल.

भैय्याजींना नमस्कार. तुझ्या लोभाचा साठा खाप्यात आहे तोवर नागपुरात टंचाई नाही.

तुझा,
मुकुंद

॥ श्री ॥
खापा
६ जून २०२५

चि. मुकुंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. आंब्यांची बदनामी भैय्याजींना वाचून दाखवली. ते त्याच झाडाचे सहा आंबे खाऊन ओसरीवर घोरत होते. उठून म्हणाले, मुकुंदले सांग, आंबे झेपत नसतील तर वापस पाठव, इथं खाणारे आहेत. त्यांच्या छातीत काहीही कांडलं गेलं नाही, हे कळावं.

दुर्गेशने सगळं तपासलं, हे बरं केलं. तपासल्याशिवाय मनाचं आहे म्हणणारे वैद्य मला आवडत नाहीत. आता तू चिंता नाही म्हणतोस, तर मी ते खरं धरते. तू लहानपणापासून खोटं बोलत नाहीस, फक्त फार नीट बोलतोस.

मात्र शामलाच्या आजारपणातली तुझी पत्रं मला आठवतात. सगळीकडे शिमगा असताना तुझं पत्र म्हणजे रेडिओवरच्या बातम्या. अमुक औषध अमुक वाजता दिलं, भूक समाधानकारक, रुग्णाची प्रकृती स्थिर. मी वाचायची आणि शोधायची की यात माझा भाऊ कुठे आहे. एकदाही सापडला नाही. डॉक्टर तुझं कौतुक करायचे, नर्सबाया तुझी फाइल इतरांना दाखवायच्या. मलाही अभिमान वाटला होता, नाही कशाला म्हणू?

आता एक काम कर. पुन्हा असं झालं तर काय खाल्लं होतं ते लिहू नकोस. त्या वेळी घरात कोण होतं, तेवढं लिही. मोठी बहीण आहे, मला काहीही विचारायचा हक्क आहे.

आणि तुझ्या मागच्या पत्रात जयवंतापाशी पोचलास तिथून अक्षर बिघडलं आहे. झोपाळ्यावर बसून लिहिलंस की काय?

कन्हान नदीला अजून पाणी नाही. माझा लोभ मात्र बारमाही आहे, त्याची काळजी नको.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
नंदनवन, नागपूर
१५ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आंबे निर्दोष सुटले. ते संपले, तरी प्रयोग चालू आहेत. भैय्याजींची जाहीर माफी मागतो.

आता तुझ्या चौकशीचं उत्तर. बुधवारी पहाटे शामला आणि जयवंता रामटेकला गेल्या. नागद्वारला दरीत उतरायचं, डोंगर चढायचे, लोखंडी शिड्यांवर लटकायचं, म्हणून जयवंता तिला रामटेकच्या पायऱ्यांवर तालीम देऊन राहिली आहे. निघताना शामलाने नेहमीसारखा तळहात पुढे केला. आईची रीत तिने अजून धरून ठेवली आहे. दही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. माझा तसल्या गोष्टींवर विश्वास नाही हे तू जाणतेस, पण चमचाभर दह्याने कोणाचं काय बिघडतं? मी घातलं. थोडं फरशीवर सांडलं. आपल्या घरातले चमचे फार उथळ आहेत.

सकाळी सात वाजता समाजभवनात माझा निवृत्तांचा काव्यवर्ग होता. पांढरीपांडे पहिल्या रांगेत, झोपायला सोयीचं म्हणून. मी अगदी रंगात आलो होतो आणि एका ओळीच्या मध्यभागी आवाजच गेला. घशात आवळा अडकल्यासारखं झालं. पाणी प्यालो, खाकरलो, फळ्यावर लिहायला गेलो तर खडू थरथरतोय. पांढरीपांडे जागे झाले, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळख. रात्रभर कूलरसमोर झोपल्याचा हा परिणाम असावा. वाळ्याच्या ताट्या बदलायला टाकल्या आहेत.

दुसरा प्रसंग शुक्रवारचा. शामला गिरणीवर गेली होती, तिथे वीज गेली म्हणून तिला वेळ लागला. मी गच्चीवर पाणी घालायला निघालो आणि जिन्यात मध्येच बादली घेऊन उभा राहिलो. पाय उचलेचना. डोकं स्वच्छ होतं, मी मनाशी बागेतल्या जास्वंदीचा विचार करत होतो. पाय मात्र कोणी खिळ्यांनी ठोकल्यासारखे. यालाही कारण असेल, नवीन चपला जड आहेत.

तर दोन्ही वेळी घरात कोणीही नव्हतं. असतं तर इतकं शांत कुठून वाटलं असतं?

नागद्वारचं विचारशील, तर मी पूर्ण अनुकूल आहे. जा म्हणालो. दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदा तर तिने विचारलंही नव्हतं. डोक्याला बांधायची टॉर्च आणून दिली. तिथे फोन लागत नाही म्हणतात, तेवढाच बिलाचा प्रश्न मिटला.

दुर्गेश पुन्हा तेच पुटपुटतो. मी त्याला म्हटलं, छत्तीस गुणांच्या माणसाने निष्कर्ष जपून काढावेत. तो हसला आणि चहा कमी करा म्हणाला. चहा! या घरात सध्या तेवढीच एक गोष्ट माझ्या ताब्यात आहे.

तुझ्या लोभावर माझा निर्धास्त हक्क सांगून थांबतो.

तुझा,
मुकुंद

॥ श्री ॥
नंदनवन, नागपूर
१८ जून २०२५

ती. ताईंना,
सौ. शामलाचा सा. न. वि. वि.

मी सहसा वेगळं पत्र लिहीत नाही, यांच्या पत्राखाली दोन ओळी घालते. पण हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे, आणि तुम्हीही यांना सांगू नका.

यांना काहीतरी झालं आहे आणि हे लपवून राहिले आहेत. गेल्या बुधवारी रामटेकहून आले तर हे फाटकाशी उभे. मी म्हटलं उन्हात काहून उभे, तर म्हणाले पोस्टमनची वाट बघतो. दुपारी दीड वाजता? चेहरा नुसता पांढराफटक, रंग म्हणून नाही. हातातली किल्ली वाजत होती. मी हात धरला तर यांनी मलाच विचारलं, रामटेकला गर्दी होती का. पांढरीपांडेकाकू म्हणाल्या की सर दुर्गेशकडे दोनदा जाऊन आले. मी विचारलं तर म्हणाले, त्याचा मुलगा संस्कृत घेणार आहे, सल्ला द्यायला गेलो होतो. ताई, त्याचा मुलगा तीन वर्षांचा आहे.

मला वाटतं हृदयाचंच आहे. मी आजारी होते तेव्हा यांनी माझं इतकं केलं, एक दिवस कपाळाला आठी पडू दिली नाही. आता यांची वेळ आली आणि मी डोंगर चढायला जाऊ? ते माझ्याने होणार नाही. जयवंताला महिनाअखेर गाडीवाल्याला नावं द्यायची आहेत. माझ्या नावाऐवजी दुसरी कोणी बघ, असं मी तिला सांगून टाकणार आहे.

वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? औषधं चालू होती तेव्हा मला आमच्याच घराचा जिना चढवत नव्हता. चौथ्या पायरीवर बसायची. जयवंता संध्याकाळी येऊन शेजारी बसायची आणि नागद्वारच्या शिड्यांच्या गोष्टी सांगायची. एकदा म्हणाली, हे बघ वं, तिथं वर गेलं ना, का ढग आपल्या पायाखाली राहते. तेव्हा मी मनात धरलं होतं की ते ढग मी पाहीन. कोणाला बोलले नव्हते. यांनाही नाही. नवस नव्हता तो, फक्त मला बघायचे होते.

असो. डोंगर कुठे जात नाहीत. तुम्ही यांना इतकंच लिहा की तब्येतीची हयगय करू नकोस. माझं नाव नको.

भैय्याजींना नमस्कार. तुमचा लोभ आहे, म्हणून इतकं मोकळं लिहिलं.

आपली,
शामला

॥ श्री ॥
खापा
२२ जून २०२५

चि. मुकुंदास,
आशीर्वाद. या वेळी उत्तम वगैरे पुढच्या पत्रात, आधी कान धरते.

तुम्ही नवराबायको एकाच घरात राहता आणि एकमेकांपासून लपवायच्या गोष्टी एकाच पेटीत ठेवता, ती पेटी म्हणजे मी. दोघांनीही मला शपथ घातली. मी दोन्ही मोडते आहे. शामलाचं पत्र या पाकिटात घातलं आहे. आधी ते वाच, मग पुढे ये.

वाचलंस? ती जात नाही. तुझं हृदय बिघडलं आहे असं तिला वाटतं, कारण तू तिला काही नाही, काही नाही असं सांगत सुटला आहेस. त्या काही नाहीच्या मागे माणूस सगळ्यात वाईट तेच उभं करतो.

आता तुझी दोन्ही पत्रं मी समोर ठेवली आहेत. इतवारीत गेली कोण? शामला. रामटेकला कोण? शामला. गिरणीवर कोण? घरात कोणी नव्हतं असं तू लिहिलंस, जसं काही घर रोजच रिकामं असतं. फाटक वाजलं की तुझं कांडण थांबतं. आणि तू दोष देतोस आंब्यांना, कूलरला, चपलांना आणि चमच्याच्या उथळपणाला.

तुला आठवतं, एमएच्या वर्षी तू आपल्या गच्चीवर येरझारा घालत मोठ्याने पाठ करायचास? मी तिथे पापड वाळत घालायची. तुझ्या परीक्षेने मला फुकट शिकवलं. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. आतल्या भावाने अंगावर आपसूक उमटणाऱ्या आठ खुणा. नट हात हलवून दाखवील, पण घाम मागवून आणू शकत नाही, हे तूच मला डोळे मोठे करून सांगायचास. जन्मभर तू हे पोरांना शिकवलंस. आता मोज. जिन्यात खिळलास, घाम फुटला, काटा आला, आवाज फुटेना, हात कापला, आणि शामलाने लिहिलेला तो पांढरा चेहरा. आठांपैकी सहा झाले, आणि तू पट्ट्यावर पळून आलास!

तुझ्या डोक्यात चिंता नाही, हे मला पटतं. त्या वर्षी तू तिला डोक्यात जागाच दिली नाहीस. तिथे फाइल होती, वेळापत्रक होतं, विनोद होते. म्हणून ती खाली, अंगात राहायला गेली. आता वरची गर्दी ओसरली तर ती आपली पेटी उघडून बसली आहे.

ऑपरेशनच्या सकाळी मी तिथे होते. आईने कोणालाही हातावर दही न घालता उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही, म्हणून मी पिशवीत दह्याची डबी आणली होती. शामलाला पाणीसुद्धा वर्ज्य होतं. तिला आत नेलं, डबी माझ्या मांडीवर राहिली. तू डबीकडे पाहिलंस. मग उठून त्या नर्सबाईंना ‘शल्यचिकित्सा’ कसं म्हणायचं ते शिकवायला लागलास. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तुझा आवाज इतका खणखणीत होता की मलाही धीर वाटला.

सरळ सांगते. तू निर्भय आहेस असं म्हणत राहिलास, तर ती घरी बसेल. भीती वाटते म्हणालास, तर ती जाईल. हे वाचायला उलटं वाटतं, पण बायकोला विचारून बघ. महिनाअखेर जवळ आली आहे.

भैय्याजी म्हणाले, मुकुंदले म्हणा, भेव वाटते हे बोलाले व्याकरण लागत नाही.

लोभ आहे, म्हणून धपाटाही आहे.

ताई

॥ श्री ॥
नंदनवन, नागपूर
२९ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तासभर रागावलेला होतो. मग राग गेला आणि शरम वाटली. वैयाकरणाने स्वतःच्या नावात चूक करावी, तसं हे झालं. सहा खुणा अंगावर घेऊन मी वर्गात उभा होतो आणि समोर बसलेल्यांना त्यांची लक्षणं समजावत होतो. माझ्यापेक्षा पांढरीपांडे बरे, ते निदान झोपले होते.

सांगायचं ठरवलं, पण सुचेना. मी रीतसर तीन वाक्यं जुळवली, प्रस्तावना, विषय आणि उपसंहार. शामला माजघरात बसून नव्या रेनकोटाची घडी घालत होती. कोणाला तरी द्यायला, हे मला घडी बघूनच कळलं. मी समोर बसलो आणि प्रस्तावनेतच आवाज गेला. शेवटी एवढंच निघालं की तू बाहेर पडलीस की मला भीती वाटते, हृदयाला काही झालेलं नाही, सगळे रिपोर्ट कपाटात पुस्तकांमागे आहेत.

ती आधी हसली. आवाज फारच बेडकासारखा लागला होता. मग उठून रिपोर्ट घेऊन आली, एकेक कागद उजेडात धरून वाचला, आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली की त्या वर्षी ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची, माझ्या उत्साहावर पाणी पडू नये म्हणून. मी रोज सकाळी इतका खात्रीचा चेहरा घेऊन यायचो की घाबरणारी आपण एकटीच, असं तिला वाटायचं. म्हणाली, तुम्ही एकदा तरी घाबरायला हवं होतं, मला सोबत झाली असती.

ताई, मी त्या वर्षी तिला वेळेवर औषधं दिली, संत्र्याचा रस दिला, पण ही एक गोष्ट द्यायची राहिली. ती आता देऊन राहिलो आहे. उशिरा, पण भरपूर आहे.

मग तिने मला कोंडीत पकडलं. विचारलं की तुमच्या शास्त्रात घाम आणि कंप भयातच येतो की आणखी कशात. मी शिक्षक, खरं सांगणं भाग. म्हटलं, शृंगारातही येतो, खुणा त्याच असतात, कोणापायी येतात ते बघून काय ते ठरवायचं. ती म्हणाली, माझ्यापायीच येतात ना, मग ठरवा. चोपन्नाव्या वर्षी मी कानापर्यंत लाल झालो. वैवर्ण्याचा हा दुसरा प्रकार.

दुर्गेशला जाऊन सांगितलं. त्याला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, हे मला आवडलं नाही. म्हणाला, सर, त्या वर्षी तुमचं शरीर पहाऱ्यावर उभं राहिलं, धोका टळला हे त्याला कोणी येऊन सांगितलंच नाही. मनात विचार नसला तरी पहारेकरी खडखड आवाजाला दचकतो. तोल गेल्यासारखं वाटलं की श्वास घ्यायचा त्याहून सावकाश सोडायचा, रोज चालायचं, आणि तरी राहिलं तर तो एका बाईंकडे पाठवील, ज्यांचं काम नुसतं ऐकणं आहे. मी त्याचे छत्तीस गुण वाढवून साठ केले आहेत. धूर होता तिथे विस्तव होताच, तो फक्त डोंगराच्या पलीकडच्या उतारावर होता.

शामलाने त्याच संध्याकाळी जयवंताकडे नाव दिलं. जयवंता दारातूनच ओरडली की सरांना भेव वाटते तर वाटू द्या, आम्हीही दरवर्षी शिडीवर थरथरतो, म्हणून काय शिडी सोडून देतो का वं?

पुढचं तिला निरोप दिल्यावर लिहीन. तुझा धपाटा लागला, लोभासकट.

तुझा,
मुकुंद

॥ श्री ॥
नंदनवन, नागपूर
२० जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शामला काल सकाळी गेली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली होती. बायकांचा कल्ला, डबे, काठ्या, प्लास्टिकचे कागद. पांढरीपांडे सामान मोजण्याच्या निमित्ताने मध्ये मध्ये करत होते. मी रात्रभर बरा झोपलो होतो, मन अगदी स्वच्छ होतं, चहा एकच घेतला होता, आणि तरीही उंबऱ्याशी उभा राहिलो तेव्हा ते सगळं आलं. आधी मुंग्या, मग घाम, मग छातीतलं मुसळ. या वेळी मी कशालाही दोष दिला नाही. हे माझंच आहे म्हटलं, आणि श्वास सावकाश सोडला. थांबलं नाही, पण थोडं सरकून बसलं, एसटीत माणसं सरकतात तसं.

शामलाने तळहात पुढे केला. मी मोठा, खोल चमचा घेतला होता. तरी हात असा कापला की अर्धं दही तळहातावर आणि अर्धं तिच्या नव्या रबरी बुटावर. पूर्वी मी चमच्यावर एखादा विनोद केला असता. तिने माझा हात आपल्या दुसऱ्या हाताने खालून धरला आणि दोघांनी मिळून राहिलेलं दही घातलं. तिचाही हात कापत होता, ताई! मला आजवर माहीतच नव्हतं. जयवंता मागून म्हणाली, बरं झालं सर, चालायचं तर बुटालेच आहे, त्यालेही दही पायजेच.

गाडी वळली आणि माझे डोळे भरून आले. तुझ्या यादीतली सातवी खूण, दोन वर्षं उशिरा, पोस्टाने आल्यासारखी. पांढरीपांड्यांनी विचारलं, सर, डोळ्यात काही गेलं का. म्हटलं, नाही, निघून राहिलं आहे. ते मला घरी घेऊन गेले आणि काकूंनी केलेले पोहे पुढ्यात ठेवून स्वतः पेपर वाचत बसले. वर्गात झोपणारा माणूस एरवी किती जागा असतो.

आज सकाळपासून फोन लागत नाही. म्हणजे ती डोंगरात उतरली. दर तासाला एकदा छातीत कांडण होतं, मी झोपाळ्यावर बसून ते ऐकतो. मधल्या वेळात ढग तिच्या पायाखाली आले असतील का, याचा विचार करतो.

घर मोठं वाटतं, म्हणून मंगळवारच्या गाडीने खाप्याला येतो. भैय्याजींना पाटवडीचा रस्सा करायला सांग, त्यांच्या हातचा, डोळे पांढरे करणारा. आठवी खूण म्हणजे प्रलय, भोवळ येऊन पडणं, तेवढीच राहिली आहे. ती तुमच्या अंगणात उरकून घेऊ. नागपंचमीला शामला परत येईल तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी घामाघूम उभा असेन. तो घाम कशाचा, हे या वेळी मला कोणी सांगायला नको.

लोभ आहेच. आता थोडी भीतीही असू दे, सोबतीला.

तुझा,
मुकुंद